काजूचे मानांकन आणि माथ्यावरचे छत

‘गोवा काजू’ला 2023 साली भौगोलिक मानांकन लाभले, याचा आनंद समस्त गोमंतकीयांना झाला. परंतु मानांकनासोबत जबाबदारीही येते. पेडणे, डिचोली भागांतील कारखान्यांत काजूगर निवडून पाकिटबंद होतो. तेथे छताच्या रंगाचे पोपडे सुटले असतील, तर ते उघड्या गरावर पडून ग्राहकाच्या पोटात जाण्याचा धोका असतो. रंगातील शिसे दशलक्षात 90 भागांवर आणणारा नियम नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्यापूर्वीच्या रंगांत शिसे अधिक असण्याचा संभव आहे.

पोपडे सुटलेला रंग वा गिलावा 2011 च्या अन्नसुरक्षा नियमांनीच निषिद्ध ठरविला आहे. तपासनीस यायचा म्हणून वरून चुन्याचा हात फिरविणे ही शुद्ध आत्मवंचना होय. शंभर इंचांवर कोसळणारा पाऊस, गळके छप्पर आणि बिया उकडताना कोंडणारी वाफ ही या दुखण्याची मुळे आहेत. म्हणून आधी काम थांबवून माल हलवावा, गळती बुजवावी, वाफेला वाट द्यावी. मग सैल रंग ओला करून खरवडावा आणि छत पूर्ण वाळल्यावरच नवा रंग द्यावा. मृग लागण्यापूर्वी हे उरकले पाहिजे.

लहान कारखानदारास हा खर्च जड जाईल, हे आम्हांस मान्य आहे. सरकारने दंडाच्या पावतीआधी अल्प व्याजाचे कर्ज त्याच्या दारी न्यावे. मात्र तोवर त्या छताखाली एकही पाकीट भरले जाऊ नये. त्या पाकिटावर गोव्याचे नाव आहे.