रिक्षाच्या शेडला कोणती फरशी?

शेडचा कोबा उखडला की पुष्कळजण उसनवारी करून गुळगुळीत टाइल्स बसवतात. बंधू-भगिनींनो, इथे तो खर्च वाया जातो. ऑइल सांडले की पाय घसरतो, जॅक लावला की टाइल तडकते.

आधी रात्रभर जमिनीवर प्लॅस्टिकचा कागद कडा चिकटवून ठेवा. सकाळी खाली थेंब दिसले तर ओल जमिनीतून येते. मग वर मारलेला रंग किंवा चिकटवलेली मॅट सुटणारच. अगोदर बाहेरच्या पाण्याला वाट काढा.

सैल भाग फोडून खडबडीत कोबा करा, नाहीतर जाड शहाबादी पक्क्या थरावर बसवा. उतार दाराकडे ठेवा. कोब्याला निदान ७ दिवस पाणी मारा. तोवर रिक्षा बाहेर राहू द्या. चकाकीचे वाचलेले पैसे मुलांच्या फीला लागतील.