समजलं का?

गेल्या वर्षी नववीच्या वर्गाला मी 'माझा आवडता चित्रपट' या विषयावर मराठीत निबंध लिहायला दिला. आमची शाळा उर्दू माध्यमाची. मुलांच्या घरी मराठी बोलली जात नाही, त्यामुळे विषय आवडीचा दिला तर दोन ओळी जास्त लिहितील एवढाच माझा हिशेब होता. निम्म्याहून जास्त मुलांनी मारधाडीच्या चित्रपटांवर लिहिलं. एका मुलानं सलमान खानच्या चित्रपटातली मारामारी अशी काही रंगवली होती की शुद्धलेखन सोडलं तर वर्गातला सगळ्यात जिवंत निबंध तोच होता. मी त्याखाली लाल शाईनं शेरा मारला, 'चांगले चित्रपट पाहत जा.'

वही हातात पडल्यावर तो टेबलापाशी आला. म्हणाला, "सर, चांगला मतलब कौनसा?"

प्रश्नात उद्धटपणा नव्हता. त्याला खरंच नाव हवं होतं. मी दोन-तीन नावं सांगितली, त्यानं ती वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतली आणि तो गेला. मग माझ्या लक्षात आलं की मी सांगितलेल्या नावांपैकी एक चित्रपट मी स्वतः अर्ध्यावर सोडला होता. तो चांगला आहे हे मी कुठंतरी वाचलं होतं.

त्या शेऱ्यानं मला बरेच दिवस टोचलं. त्यावर विचार करताना जे सुचलं ते इथं मांडतो आहे.

आमच्या घरात सिनेमाला उघड मान्यता नव्हती, पण सिनेमा होता. मोहल्ल्यातल्या एका घरी भाड्यानं व्हीसीआर आणला जायचा आणि दुपारी बायका जमायच्या. तिथं अम्मीनं बी. आर. चोप्रांचा 'निकाह' पाहिला. १९८२ चा चित्रपट. सलमा आगाची गाणी, भरजरी कपडे, रडारड, सगळं ठासून भरलेलं. समीक्षकाच्या तराजूत टाकला तर बटबटीतच ठरेल. पण एका दमात तलाक देऊन बाईला घराबाहेर काढणं बरोबर आहे का, हा प्रश्न आमच्या मोहल्ल्यातल्या बायकांनी मोठ्यानं विचारला तो त्या दुपारी. हमीद दलवाईंनी १९७० साली मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं, त्याआधीपासून ते याच प्रश्नावर लिहीत-बोलत होते. ते लिखाण अम्मीपर्यंत कधी पोचलं नाही. पोचला तो 'निकाह'. मी बीएड करून आलो आणि घरी त्या चित्रपटाला 'मेलोड्रामा' म्हणालो, तेव्हा अम्मी नुसती बघत राहिली. तिला त्या शब्दाचा अर्थ माहीत नव्हता, पण मी तिच्या रडण्याला काहीतरी कमीपणाचं म्हणतो आहे एवढं तिला कळलं होतं.

मालेगावचंही तसंच. तिथल्या यंत्रमागांना शुक्रवारी सुट्टी असते आणि नवा सिनेमाही शुक्रवारीच लागतो. आठवडाभर मागाच्या खडखडाटात बारा-बारा तास उभा राहिलेला माणूस जुम्याच्या नमाजनंतर तिकिटाच्या रांगेत लागतो, तो धीम्या गतीचा शोध घ्यायला जात नाही. त्याच गावात नासिर शेख यांनी व्हिडिओ कॅमेऱ्यावर 'मालेगाव के शोले' बनवला, मित्रांना घेऊन, तुटपुंज्या पैशांत. फैजा अहमद खान यांनी या मंडळींवर 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट केला. तो पाहताना मला हसू येत होतं आणि मधूनच घसा दाटत होता. ज्या लोकांना आपण 'मसाला बघणारी पब्लिक' म्हणून बाजूला काढतो, त्यातलीच ही माणसं आणि सिनेमा करण्याची इतकी तळमळ मी दुसरीकडे फार पाहिलेली नाही.

आता दुसरी बाजू. लोकप्रिय सिनेमानं आमचं काय केलं हेही सांगायला हवं. 'कुली'मधल्या इक्बालच्या दंडावरचा ७८६ चा बिल्ला पाहून आम्ही टाळ्या पिटल्या. पण त्या सिनेमात मुसलमान माणूस ठरावीक साच्यातूनच यायचा. नवाब, तवायफ, कव्वाल, नायकासाठी जीव देणारा दोस्त, दाढीवाले चाचा. नंतरच्या काळात गुंड आणि दहशतवादी. शाळेत शिकवणारा, रेशनच्या रांगेत उभा राहणारा, बहिणीच्या लग्नाच्या कर्जानं वाकलेला मुसलमान पाहायला मला 'गर्म हवा'कडे आणि 'सलीम लंगडे पे मत रो'कडे जावं लागलं. एम. एस. सथ्यूंच्या चित्रपटातला आग्र्याचा सलीम मिर्झा चपला-बुटांचा धंदा करतो. फाळणीनंतर घर, धंदा, मुलगी, एकेक गोष्ट त्याच्या हातून निसटत जाते. बलराज साहनी फारसे ओरडत नाहीत, रडत नाहीत. तो चित्रपट मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला माझे दादा दिसले. ते फाळणीच्या वेळी कुठं गेले नव्हते, पण लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देताना त्यांचा चेहरा असाच व्हायचा. म्हणजे ज्याला लोक 'आर्ट फिल्म' म्हणून टाळतात, तिथंच मला माझ्या घरासारखं घर दिसलं होतं.

मग त्या मुलाचा प्रश्न मी मनावर घेतला आणि एका शनिवारी वर्गात प्रोजेक्टर लावून अब्बास किआरोस्तमी या इराणी दिग्दर्शकाचा १९८७ चा चित्रपट दाखवला. नावाचा अर्थ आहे, 'दोस्ताचं घर कुठं आहे?' अहमद नावाचा शाळकरी मुलगा चुकून मित्राची वही घरी आणतो. मित्रानं पुन्हा वहीत गृहपाठ केला नाही तर शाळेतून काढून टाकेन, असा दम मास्तरांनी भरलेला आहे. म्हणून अहमद वही परत द्यायला दुसऱ्या गावी पळतो. एवढीच गोष्ट. नागमोडी वाट, टेकडी, धावणारा मुलगा आणि त्याचं म्हणणं न ऐकणारी मोठी माणसं.

पहिली दहा मिनिटं मुलांना गंमत वाटली, कारण फारसीतले शब्द कानाला लागत होते. दोस्त तर ओळखीचाच. गृहपाठाला 'मश्क' म्हणतात हे ऐकून उर्दूच्या धड्याखालची मश्क आठवली आणि वहीला 'दफ्तर' म्हणतात हे कळल्यावर मराठीतलं दप्तर कुठून आलं ते मी फळ्यावर लिहून दाखवलं. नंतर चुळबुळ सुरू झाली. मागच्या बाकावर दोघं झोपले. मी मात्र अस्वस्थ होऊन बसलो होतो. पडद्यावरचे मास्तर पोराचा गृहपाठाचा कागद फाडतात, त्याला सगळ्यांसमोर रडवतात आणि हे सगळं शिस्तीसाठी आहे असं त्यांना मनापासून वाटत असतं. मला माझी लाल शाई आठवली.

चित्रपट संपल्यावर सवयीनं माझ्या तोंडून निघालं, "समजलं का?" सगळ्यांनी एका सुरात "हो सर" म्हटलं. शिक्षकांना हा सूर ओळखीचा असेल. त्याचा अर्थ 'आता सोडा' असा असतो. फक्त तो सलमानवाला मुलगा म्हणाला, "सर, बोअर हुआ. मगर वो लडका भागता है ना, वो अच्छा था." त्या दिवशीचं खरं उत्तर तेवढंच होतं.

धीम्या सिनेमाबद्दल बोलताना आपण दोन टोकांना जातो. एक गट म्हणतो, ज्याला कंटाळा येतो त्याला अक्कल नाही. दुसरा म्हणतो, हे सगळं ढोंग आहे, परदेशातल्या महोत्सवांसाठी केलेलं. मणी कौल यांचा 'उसकी रोटी' मी दोनदा पाहायला बसलो. बसच्या थांब्यावर ड्रायव्हर नवऱ्याची भाकरी घेऊन उभी असलेली बालो, आणि तिचं वाट पाहणं. पहिल्यांदा मी अर्ध्या तासात उठलो. पुढं कळलं की मणी कौल डागरांकडे ध्रुपद शिकले होते आणि त्यांनी ध्रुपदावर माहितीपटही केला. ते झिया मोहिउद्दीन डागर, ज्यांचं गुरुकुल आपल्या पनवेलजवळ पळस्प्याला होतं. ध्रुपदातला आलाप मी ऐकलेला होता. तिथं एका सुरावरून दुसऱ्यावर जायला गवई किती वेळ घेतो आणि त्या वेळातच तो सूर आपल्या अंगात कसा उतरतो, हे मला थोडंफार माहीत होतं. तो कान घेऊन दुसऱ्यांदा बसलो तेव्हा चित्रपट पूर्ण पाहिला. आवडला का? अजूनही पुरता नाही. पण तो लांबण लावतो आहे असं आता म्हणवत नाही. मधल्या काळात माझी बुद्धी वाढली नव्हती. माझ्याकडे फुरसत होती आणि ओळखीचं एक दार सापडलं होतं. ज्याला ना फुरसत आहे ना कुणी दार दाखवलं, त्याला अडाणी म्हणण्याचा हक्क मला नाही. आणि प्रत्येक संथ चित्रपट खोल असतो असंही नाही. काही नुसतेच संथ असतात.

आधुनिक चित्रकलेचं तर विचारायलाच नको. 'असं तर माझं पोरगंही काढेल' हे वाक्य मी शिक्षकांच्या खोलीतही ऐकलं आहे. मला याचं नवल वाटतं, विशेषतः आपल्या लोकांकडून ऐकताना. आपल्या बैठकीच्या खोलीत भिंतीवर काय असतं? आयतुल कुर्सीची नाही तर बिस्मिल्लाहची खत्ताती. अक्षरं एकमेकांत अशी गुंफलेली की अरबी वाचता येणाऱ्यालाही कधीकधी पटकन लागत नाहीत. ज्यांना वाचता येतं त्यातल्या कितीजणांना अर्थ येतो? तरी ती पाहून मन शांत होतं. विजापूरला इब्राहिम रोजाच्या दगडी भिंतींवरचं लेखन आणि नक्षी पाहताना 'हे कशाचं चित्र आहे' असं कुणी विचारत नाही. माणसाचा चेहरा नसलेलं, रेषा, आकार आणि रिकामी जागा यांचंच सौंदर्य आपल्या परंपरेला शेकडो वर्षं परिचयाचं आहे. मग नागपुरात जन्मलेल्या गायतोंड्यांच्या कॅनव्हासपुढे किंवा रझांच्या बिंदूपुढे उभं राहिलं की आपल्याला अर्थाची चिठ्ठी कशाला हवी? रझांचा तो बिंदू तर शाळेतून आला. जंगलातल्या गावातलं ते पोर वर्गात लक्ष देत नव्हतं, म्हणून गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढून त्याच्याकडे बघत बसायला लावलं. त्यांनी त्याला 'समजलं का' विचारलं असतं तर काय झालं असतं, असं माझ्या मनात येतं.

या सगळ्या भिंती ज्यानं ओलांडल्या तो माणूस पंढरपुरात जन्मला होता. मकबूल फिदा हुसेन मुंबईत सिनेमाची पोस्टरं रंगवून पोट भरत होते. तोच हात प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्ये आला. १९६७ साली त्यांच्या 'थ्रू द आईज ऑफ अ पेंटर' या लघुपटाला बर्लिनच्या महोत्सवात सुवर्ण अस्वल मिळालं. त्यात कथा नाही, संवाद नाहीत. आणि हाच माणूस 'हम आपके हैं कौन' पुन्हापुन्हा पाहायला थिएटरात जाऊन बसायचा. माधुरी दीक्षितला घेऊन त्यांनी 'गजगामिनी' केला, तो माझ्यासारख्या कितीतरी जणांच्या डोक्यावरून गेला. आवडीनिवडीच्या पायऱ्या आपण रचतो, हुसेन त्यांवर दोन्ही दिशांनी धावत होते.

पण हुसेनांची गोष्ट मला आणखी एका कारणासाठी सांगायची आहे. त्यांच्या चित्रांवर हिंदुत्ववादी संघटनांनी हल्ले केले, खटले भरले. म्हातारपणी त्यांना देश सोडावा लागला. २०१० मध्ये त्यांनी कतारचं नागरिकत्व घेतलं आणि २०११ मध्ये ते लंडनला वारले. याबद्दल आपल्यातले अनेक जण हळहळतात, ते बरोबरच आहे. पण २००४ साली त्यांच्या 'मीनाक्षी'मधल्या एका कव्वालीतले शब्द कुरआनातले आहेत म्हणून काही मुस्लिम संघटनांनी आक्षेप घेतला आणि हुसेनांनी तो चित्रपट थिएटरांतून काढून घेतला. त्याची आठवण आपल्याकडे फारशी कुणी काढत नाही. दुसऱ्यांनी चित्र फाडलं की ती असहिष्णुता आणि आपण सिनेमा उतरवायला लावला की ती गैरत, असा हिशेब मला मांडता येत नाही.

'मला आवडलं नाही' हे म्हणायला कुणाचीही परवानगी लागू नये. माझ्या विद्यार्थ्याला किआरोस्तमी कंटाळवाणा वाटला, मला गजगामिनी कळला नाही, यात लाज वाटण्यासारखं काही नाही. घोटाळा पुढच्या पायरीवर होतो. मला कळलं नाही म्हणून ते भिकार आहे, मला रुचलं नाही म्हणून ते नसावं, आणि तुला आवडलं म्हणून तूच हलका, या तिन्ही गोष्टी आपण एका श्वासात बोलून जातो. पहिल्या दोन गोष्टी कमी शिकलेल्यांच्या तोंडी असतात असं मला वाटायचं. तिसरी शिकलेल्यांची आहे आणि मी ती अम्मीला आणि त्या मुलाला ऐकवली होती.

यंदा नववीला पुन्हा तोच निबंध दिला आहे. सोबत एक अट घातली आहे, चित्रपटाची गोष्ट सांगू नका, त्यातलं एक दृश्य सांगा आणि ते डोक्यात का राहिलं ते लिहा. शेरा लिहायला हिरवं पेन घेतलं आहे. जुनी सवय जात नाही, तास संपताना 'समजलं का' तोंडात येतंच. तेव्हा मी थांबतो आणि विचारतो, "काय दिसलं?" याला अख्ख्या वर्गाला एका सुरात उत्तर देता येत नाही.