पेटी म्हणे आपोआप शिकते!

परवा पणजीत जुन्या गाड्यांच्या घोळक्यात माझ्या प्रीमियर पद्मिनीचं बॉनेट उघडं होतं. एका सद्गृहस्थांनी आत डोकावलं. कार्ब्युरेटरच्या जागी बसलेली इंजेक्टरवाली थ्रॉटल बॉडी पाहून सुतकी चेहरा केला आणि म्हणाले, "अरेरे, वाट लावलीत हो गाडीची!" त्यांच्या मागचा तरुण लगेच म्हणाला, "बरं केलंत सर. आता काही बघायलाच नको. ईसीयू आपोआप शिकतो." मला पहिल्याचा राग आलाच, पण दुसऱ्याचा जास्त आला.

गाडी वडिलांची, १९७४ची. १०८९ सीसीचं इंजिन. उन्हाळ्यात बेळगावला जायचं तर वडील पाण्याची बाटली आणि एक जुना पंचा बरोबर घ्यायचे. चोर्ला घाटात इंजिनवरचा पंप तापायचा, पेट्रोलची आतच वाफ व्हायची आणि गाडी ढिम्म. मग पंपावर ओला पंचा टाकून आम्ही भावंडं रस्त्याकडेला करवंदं शोधायचो. ही रम्य आठवण आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी माझ्या आईला विचारावं. आता विजेचा पंप टाकीपाशी आहे, पेट्रोल दाबाखाली पुढे येतं आणि उरलेलं परतीच्या नळीने टाकीत जातं. वाफ धरण्याचं काम संपलं. त्यात कुणाची कसली विटंबना झाली?

"पण व्हिंटेजचा दर्जा गेला ना!" हे पुढचं अस्त्र. २०२१च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरची गाडी मूळ रूपात असेल तर तिला व्हिंटेज नोंदणी मिळते, हे खरं. (आयुष्य नियमांच्या प्रती काढण्यात गेलं, तेव्हा हाही वाचला.) पण त्याच नियमात असंही आहे की अशी गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणायची, रोजच्या वापराला नाही. मला ती घेऊन डिचोलीहून कचेरीत जायचंय हो! वडिलांनी ती देव्हाऱ्यात ठेवायला घेतली नव्हती.

हे झालं सोवळ्यांचं. आता आपोआपवाल्यांकडे येतो, कारण त्यांनी माझे सहा महिने खाल्ले.

मी कला शाखेचा पदवीधर. फिजिक्सशी माझा संबंध दहावीत सुटला. त्यामुळे किट विकणाऱ्याने सांगितलं, "फक्त गाडी चालवा, पेटी शिकेल", ते मी भाबडेपणाने मानलं. डायनमो काढून अल्टरनेटर घातला, सायलेन्सरच्या पाइपात ऑक्सिजन सेन्सर बसवला. हा सेन्सर जळलेल्या वायूत किती ऑक्सिजन उरला ते मोजतो. जास्त उरला तर पेट्रोल कमी पडतंय असं पेटी समजते आणि वाढवते. कल्पना उत्तमच आहे. पण महिन्याभरात प्लग काजळीने काळेकुट्ट, मागून पेट्रोलचा वास आणि लिटरला बारा जाणारी गाडी आठवर. फोन केला की एकच उत्तर, "अजून किलोमीटर होऊ द्या, शिकतेय ती."

शेवटी आमच्या मेस्ताकडे गेलो. वय सत्तरीच्या पुढे, कॉम्प्युटरला कधी हात लावलेला नाही. सकाळी थंड इंजिन चालू करायला लावलं, दोन मिनिटं मान वाकवून उभा राहिला आणि म्हणाला, "आयक. टिक-टिक आयकता मरे? पात्रांव, तुजी पेटी तुका फटयता."

मॅनिफोल्डला पाइप जोडतो तिथली गॅस्केट फुटली होती. इंजिन तापलं की धातू प्रसरण पावून आवाज बुजायचा, म्हणून माझ्या कधी लक्षात आला नाही. त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जात होती, सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसत होता आणि पेटी इमानेइतबारे पेट्रोल ओतत होती. प्लगने ठिणगी चुकवली तरी हेच होतं. न जळलेला ऑक्सिजन तसाच बाहेर पडतो आणि पेटी म्हणते, पेट्रोल वाढवा. समोर आलेल्या टिपणावर न वाचता सही करणारे साहेब मी पुष्कळ पाहिलेत. ही पेटी त्यांच्याच केडरमधली.

याला शिकणं म्हणायचं?

गॅस्केट किरकोळ पैशांत बदलली. पण पेटीने शिकलेलं चुकीचं कसं पुसायचं? तर पेटीला कुलूप! विक्रेत्याने पासवर्ड द्यायचं नाकारलं. म्हणे आतला तक्ता त्याची मालमत्ता, पेटी कुरिअरने पाठवा आणि शुल्क भरा. गाडी माझी, पेट्रोल माझं, काजळी माझी, आणि त्या काजळीचा हिशेब मात्र त्याचा! कार्ब्युरेटर कितीही कटकटीचा असो, साखळीपासून कारवारपर्यंत कुणीही मेस्त स्क्रू-ड्रायव्हरने तो लावून द्यायचा. इंजेक्शनने ती मोकळीक हिरावून घेतली नाही, ती या कुलूपवाल्यांनी हिरावली.

ती पेटी काढली. भाच्याच्या मदतीने स्पीडुइनो नावाची, जिचा सगळा आराखडा जगाला खुला आहे अशी पेटी बसवली. तिच्यात इंधनाचा सोळा गुणिले सोळा, म्हणजे २५६ घरांचा तक्ता असतो. एका बाजूला इंजिनचे फेरे, दुसऱ्या बाजूला मॅनिफोल्डमधला दाब. प्रत्येक घरात त्या क्षणी सिलिंडर हवेने किती भरतो त्याचा आकडा. केरीच्या रस्त्यावर रविवारी भाचा गाडी चालवी, मी लॅपटॉप मांडीवर घेऊन नोंद घेई आणि मागे मेस्त. पहिले दोन रविवार आम्ही तक्त्याला हातच लावला नाही. आधी व्हॉल्व्हचं अंतर, पॉइंट, टायमिंग, हवेची गळती. इंजिन धड नसेल तर तक्ता कशाचा लावणार?

शिवाय आता पेट्रोलात इथेनॉल. २०२५पासून देशभर वीस टक्क्यांच्या घरात. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला हवा १४.७ भाग लागते, या मिश्रणाला साधारण साडेतेरा. म्हणून काही शहाणे मीटरवर साडेतेरा आणायला सांगतात. चूक! मीटर पेट्रोलच्या मापात बोलतो. मिश्रण बरोबर असेल तर सेन्सरचा लॅम्डा एक आणि मीटर १४.७च दाखवणार. साडेतेराच्या मागे लागलात तर पुन्हा काजळी. जाता जाता, जुन्या रबरी नळ्याही बदलून घ्या. इथेनॉल त्या खातं.

आता गाडी लिटरला तेरा जाते. गरम इंजिन बंद करून लगेच चालू केलं की मात्र अजून अडखळते, ती चार घरं बाकी आहेत. तक्त्याची फाइल ज्याला हवी त्याला देतो, एक प्रत पेन ड्राइव्हवर डॅशबोर्डच्या कप्प्यात असते. मेस्ताने त्या पेन ड्राइव्हला दोऱ्याने जुन्या कार्ब्युरेटरचा जेट बांधून ठेवलाय. का, ते विचारलं तर नुसता हसतो.