शिंगे काढणे, खच्चीकरण: भूल आता नियमाचा भाग

१९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने खच्चीकरण, शिंगे काढणे आणि वेसण घालणे या कामांना ‘विहित पद्धतीने’ करण्याच्या अटीवर मुभा दिली. ही पद्धत नेमकी कोणती, हे मात्र अनेक दशके स्पष्ट नव्हते. केंद्र सरकारच्या २०२३ च्या नियमांनी ती उणीव भरून काढली. आता शिंगे काढणे आणि खच्चीकरण नोंदणीकृत पशुवैद्यकाने, भूल देऊनच करायचे आहे. जनावर दोराने पाडून, चौघांनी दाबून धरून काम उरकण्याची पद्धत आता सोडावी लागेल.

नियम योग्य आहे. पण भूल म्हणजे केवळ एक इंजेक्शन नव्हे. गाय-म्हैस रवंथ करणारे जनावर आहे. ती आडवी पडली की कोठीपोटातील वायू ढेकरावाटे बाहेर पडत नाही. पोट फुगून फुफ्फुसांवर दाब येतो. तोंडात उलटून आलेला चारा श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनिया होतो. म्हणूनच शक्य तिथे पशुवैद्यक जनावर उभे ठेवून, लिग्नोकेनने तेवढाच भाग बधिर करून शस्त्रक्रिया करतात.

गुंगीच्या झायलॅझिनला गाई-म्हशी फार संवेदनशील असतात. घोड्याच्या मात्रेच्या साधारण दहाव्या भागात त्यांचे काम होते. त्यामुळे हे औषध अंदाजाने कोणाकडूनही टोचून घेऊ नका.

तुमच्याकडून काय हवे?

- जनावर गाभण असल्यास महिना सांगा. गाभणकाळाच्या शेवटच्या टप्प्यात झायलॅझिन धोक्याचे ठरू शकते.
- मोठ्या जनावराचा चारा-खुराक साधारण १८ ते २४ तास बंद ठेवावा लागतो. पाणी केव्हा तोडायचे, ते पशुवैद्यकांना विचारा. दूध पिणारे वासरू इतका वेळ उपाशी ठेवू नका.
- शिंगकळ्या वासरू दोन महिन्यांचे होण्याआधीच काढून घ्या. पुढे शिंग कवटीला जोडले जाते. जखम मोठी होते.
- शस्त्रक्रियेनंतर जनावर छातीवर बसते करा, सावलीत ठेवा. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत चारा-पाणी देऊ नका.
- दूध किती दिवस विकायचे नाही, हे विचारून लिहून ठेवा.

भूल उतरली तरी वेदना राहते. त्यासाठी वेदनाशामक मागा. गिधाडांना घातक म्हणून जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर २००६ मध्ये, तर किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅकवर २०२३ मध्ये बंदी आली. मेलॉक्सिकॅम हा सुरक्षित पर्याय आहे.

खरी अडचण पशुवैद्यक वेळेवर मिळण्याची आहे. एका वासरासाठी डॉक्टरांना बोलावणे महाग पडते. गावातील दहा-बारा वासरांची यादी करून दवाखान्याशी बोला आणि एकच दिवस ठरवून घ्या. घरी परतल्यावर डावी कूस फुगली, श्वास अडखळला किंवा रक्त थांबले नाही, तर थांबू नका. लगेच १९६२ या क्रमांकावर फोन करा.