नीती कितव्या भागात?

लालबागच्या मसाला गल्लीत एप्रिल-मे महिन्यांत मिरची कुटून घ्यायला आलेल्या बायकांना बराच वेळ ताटकळावं लागतं. बेडगी, संकेश्वरी, पांडी निवडून, गरम मसाला भाजून डंकावर नंबर लावायचा, आणि आपल्या मिरचीत दुसरीची मिसळत नाही ना यावर डोळा ठेवून बसायचं. या बसण्यात पूर्वी सासू-नणंदांच्या उखाळ्यापाखाळ्या निघत. आता मोबाइल निघतो. त्यावर बहुतेक वेळा मराठी मालिका असते. आणि अधूनमधून, आवाज जरा बारीक करून, पाकिस्तानी.

या दुसऱ्या सवयीचा उगम फार लांब शोधायला नको. २३ जून २०१४ रोजी झी समूहाने ‘जिंदगी’ ही वाहिनी सुरू केली. ज्या समूहाचं आजचं मुख्यालय लोअर परळला, ना. म. जोशी मार्गावर, म्हणजे लालबागहून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, त्याच समूहाने कराचीची घरं गिरणगावातल्या दहा-बाय-बाराच्या खोल्यांत आणून ठेवली. ‘जिंदगी गुलजार है’, ‘हमसफर’. दोन्हींतला नायक फवाद खान देखणा होता हे खरंच, पण केवळ तेवढ्यावर चाळीतली बाई रोज रात्री टीव्हीसमोर बसत नाही. तिला तिथे ओळखीचं काहीतरी दिसलं होतं. मुलगा हवा म्हणून दुसरं लग्न करून गेलेला बाप, तीन मुलींना एकटीने शिकवणारी नोकरदार आई, आणि देवालाच जाब विचारणारी थोरली मुलगी. देवाचं नाव तेवढं वेगळं.

मराठी वाहिन्यांवर तोवर मुसलमान कुठे दिसत होता? ऐतिहासिक मालिकेत, मोगल दरबारात, डोळ्यांत सुरमा घालून, खलनायकी पार्श्वसंगीतावर. ‘नुक्कड’मधला हॉटेलवाला कादरभाई ही १९८६ सालची गोष्ट, तीही हिंदीतली. रत्नागिरी-रायगडचा, घरात अस्सल कोकणी बोलणारा मुसलमान मराठी मालिकेच्या वाड्यात शेजारी म्हणूनही क्वचितच राहायला येतो. ज्या गिरणगावाने शाहीर अमर शेखांचा आवाज डोक्यावर घेतला, त्याच्या टीव्हीवर ही स्थिती. त्यामुळे मुसलमानाचं घर स्वयंपाकघराच्या बाजूने बघण्याचा योग इथल्या अनेकींना आला तो थेट सरहद्दीपलीकडून. यात आपल्या वाहिन्यांची लाज किती आणि गंमत किती, हे ज्याने त्याने ठरवावं.

पण मुद्दा तो नाही. मुद्दा धर्माचा आणि नीतीचा आहे. पाकिस्तानी मालिका ‘संस्कारी’ असतात, त्यात अल्लाचं भय असतं, दुपट्टा डोक्यावर असतो, म्हणून त्या भावतात, असं सांगितलं जातं. हे सांगणाऱ्यांत तिथले मौलवी आहेत, इथले चाहतेही आहेत. मला हे अर्धंच पटतं. पडद्यावर किती वेळा नमाज पढली गेली यावरून मालिकेची नीती मोजायची, तर आपल्या मालिकांना कुणी हरवूच शकणार नाही. वटपौर्णिमा, मंगळागौर, हळदीकुंकू, गणपती, नवरात्र, पाडवा: मराठी मालिकेचं वर्ष कालनिर्णयवर चालतं. नायिकेने वडाला मारलेल्या फेऱ्या आठवडाभर चालतात. धर्म दोन्हीकडे भरपूर आहे.

फरक आहे तो भागांच्या संख्येत. पाकिस्तानी मालिका साधारण पंचवीस-तीस भागांत संपते. तिकडे आठवड्याला एक भाग, म्हणजे सहा महिने. आपल्याकडे ‘जिंदगी’ने तेच भाग रोज लावले तेव्हा ‘जिंदगी गुलजार है’ महिन्याभरात आटोपली आणि ‘संपली?’ म्हणून बायका चकित झाल्या. मालिका संपते ही गोष्टच आपण विसरलो होतो.

संपणारी गोष्ट लिहिणाऱ्याला एक काम टाळता येत नाही: पात्रांचा निकाल लावावा लागतो. ज्याने जे केलं त्याचं त्याला काय मिळालं, हे विसाव्या-पंचविसाव्या भागात सांगावंच लागतं. आणि निकाल दिला की लेखकाची नीती उघडी पडते, मग तिच्याशी भांडता येतं. ‘जिंदगी गुलजार है’चंच बघा. उमेरा अहमद यांची कशफ ही स्वाभिमानी, शिकून सरकारी अधिकारी झालेली मुलगी. आईच्या कष्टांचं पांग फेडलेलं दिसतं. पण त्याच मालिकेत नायकाची मोकळीढाकळी बहीण नवऱ्याचं ऐकत नाही म्हणून तिचा संसार मोडतो, आणि करिअर करणारी आई घराकडे दुर्लक्ष करते म्हणून टोमण्यांची धनी होते. नायक मात्र तारुण्यात बरंच काही करून सुधारतो, त्याला माफी. हा निवाडा मला मान्य नाही. पण निवाडा आहे म्हणून तर ‘मान्य नाही’ असं म्हणता येतं.

‘मेरे पास तुम हो’चा शेवटचा भाग २५ जानेवारी २०२० रोजी पाकिस्तानात चित्रपटगृहांतही लावला गेला. श्रीमंत माणसासाठी नवऱ्याला सोडून गेलेल्या बायकोची ही कथा. बायकांविषयीच्या तिच्यातल्या भाषेवर तिथल्या स्त्रियांनी कडाडून टीका केली, आणि शेवटी नवऱ्यालाच मारून टाकला म्हणून चाहतेही हळहळले. सगळा देश एका निकालावर तावातावाने बोलत होता.

आता आपल्याकडे या. ‘माझ्या नवऱ्याची बायको’ ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू झाली आणि मार्च २०२१ मध्ये संपली. नवरा गुरुनाथने बायको राधिकाला फसवलं हे पहिल्या आठवड्यात कळलं. त्याचा हिशेब होता होता साडेचार वर्षं गेली. तो पकडला जाई, रडे, सुटे, पुन्हा तेच करी. मधल्या काळात राधिकाने मसाल्यांची कंपनी काढली आणि ती बघता बघता कोट्यवधींची झाली. (लालबागच्या गल्लीत पिढ्यान्‌पिढ्या मिरचीच्या खकाण्यात उभ्या असलेल्यांनी हे कोणत्या चेहऱ्याने पाहिलं असेल!) खोटेपणा करणाऱ्याला शिक्षा व्हावी असं मालिकेला वाटत नव्हतं असं नाही. शिक्षा झाली असती तर उद्या रात्री आठ वाजता काय दाखवायचं, हा प्रश्न होता.

‘आई कुठे काय करते’ हे त्याहून बोलकं उदाहरण, कारण मालिका सुरुवातीला खरोखर चांगली होती. पंचवीस वर्षांच्या संसारानंतर नवऱ्याची प्रतारणा कळलेली अरुंधती घटस्फोट घेते, स्वतःच्या पायावर उभी राहते, मध्यमवयात आशुतोषशी पुन्हा लग्न करते. मराठी मध्यमवर्गीय घरात एवढं दाखवायला धैर्य लागतं, ते लेखकांनी दाखवलं. तिथे थांबले असते तर ती मालिका एक विधान ठरली असती. पण टीआरपी होता, डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झालेली मालिका नोव्हेंबर २०२४ पर्यंत खेचायची होती. मग काय, आशुतोषला अपघातात मारला आणि अरुंधतीला पुन्हा पहिल्या घराच्या लचांडात ओढली. दुसरं लग्न केलेल्या बाईला दैवाने शिक्षा केली, असा अर्थ त्यातून निघतो हे कुणाच्या मनातही नसेल. कुणा महाराजाने किंवा मौलवीने असा शेवट सांगितला असता तर आपण मोर्चे काढले असते. जाहिरातदाराने सांगितला, म्हणून चहा पीत पाहिला.

मुसलमान देशांत मालिकांच्या नीतीवर पहारा आहे, आणि तो काही कौतुकाचा विषय नाही. पाकिस्तानात पेम्रा नावाची नियामक संस्था आहे. २०१६ मध्ये ‘उडारी’ या मालिकेने सावत्र बापाकडून होणाऱ्या बालिकेच्या लैंगिक छळाला हात घातला, तर पेम्राने नोटीस धाडली ती मालिकेलाच. लोक मालिकेच्या बाजूने उभे राहिले आणि ती पूर्ण झाली. २०२० मध्ये मेहुण्यावर डोळा ठेवणाऱ्या बहिणीची ‘जलन’ रोखण्याचा हुकूम निघाला. २०२१ च्या ऑक्टोबरात तर नवरा-बायकोंच्या मिठ्यासुद्धा दाखवू नका असं फर्मान आलं. बायकोच्या कानफटात मारणारे नवरे सर्रास दाखवले जात होते, त्यावर फर्मान निघालं नाही. हे तिथल्याच बायकांनी लगेच दाखवून दिलं. २००८ साली तुर्की मालिका ‘नूर’ अरबीत आली तेव्हा सौदी धर्मगुरूंनी ती इस्लामविरोधी ठरवली, आणि तरी तिचा शेवटचा भाग कोट्यवधी अरबांनी पाहिला. त्यातला नवरा बायकोशी प्रेमाने वागत होता, हीच अनेक घरांत अडचण झाली होती.

धार्मिक प्रेक्षकही काही कमी नाहीत. ‘अर्तुग्रुल’ ही तुर्की मालिका तेव्हाचे पंतप्रधान इम्रान खान यांच्या आग्रहाने एप्रिल २०२० मध्ये, रमजानच्या सुरुवातीला पीटीव्हीवर उर्दूत सुरू झाली. इस्लामी मूल्यं शिकवणारी म्हणून तिची वाखाणणी झाली. आपल्याकडेही ती यूट्यूबवर मोठ्या प्रमाणावर पाहिली गेली. मग प्रेक्षकांनी तिची नायिका हलिमेचं काम करणाऱ्या एसरा बिल्गिचची इन्स्टाग्रामवरची आधुनिक कपड्यांतली छायाचित्रं शोधली आणि हलिमेला हे शोभतं का म्हणून तिलाच झापायला सुरुवात केली. आपण हसू नये. ‘रामायण’ चालू असताना अरुण गोविलांच्या पाया पडणारे आपलेच होते.

बंदीचा सोस आपल्याकडेही आहेच. उरीच्या हल्ल्यानंतर सप्टेंबर २०१६ मध्ये मनसेच्या चित्रपट शाखेने पाकिस्तानी कलाकारांना देश सोडायला अठ्ठेचाळीस तास दिले आणि ‘जिंदगी’ने पाकिस्तानी मालिका थांबवल्या. पहलगामच्या हल्ल्यानंतर, मे २०२५ मध्ये, केंद्र सरकारने ओटीटी मंचांना पाकिस्तानी मजकूर काढायला सांगितलं आणि तिकडच्या मनोरंजन वाहिन्यांचे यूट्यूब चॅनेलही इथे दिसेनासे झाले. माणसं मारली गेली असताना मालिकेसाठी गळा काढणं मलाही बरं वाटत नाही. पण या बंद्यांत मालिकेत आहे काय, हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. कुठून आली, एवढंच पाहिलं गेलं.

मालिका बघून मग बोलायचं असतं, हे याच मुंबईत एकदा घडलं होतं. जानेवारी १९८८. भीष्म साहनींच्या कादंबरीवरची गोविंद निहलानींची ‘तमस’ दूरदर्शनवर सुरू होती. फाळणीपूर्व दंगलींची कथा. मशिदीच्या पायरीवर टाकलेल्या डुकरापासून वणवा पेटतो. मालिकेने धार्मिक भावना भडकतील म्हणून मुंबई उच्च न्यायालयात अर्ज आला आणि प्रसारणाला स्थगितीही मिळाली. तेव्हा न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन आणि न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी काय करावं? दोघांनी बसून अख्खी मालिका पाहिली. शेवटापर्यंत. आणि स्थगिती उठवली. सर्वोच्च न्यायालयातही तोच कौल राहिला. तिथे निकष लावला गेला तो नागपूर उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांचा, की एखाद्या कलाकृतीचा परिणाम मोजायचा तो शहाण्यासुरत्या, खंबीर माणसाच्या नजरेने. जागोजागी धोकाच हुंगणाऱ्या दुबळ्या मनाच्या नव्हे. त्याच दिवसांत रविवारी सकाळी ‘रामायण’ही चालू होतं आणि लालबागच्या चाळींत एका टीव्हीसमोर चाळीस माणसं बसत होती. त्याच डब्यावर रात्री ‘तमस’. दोन्ही मालिका संपणार आहेत हे सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या न्यायमूर्तींना आजची मराठी मालिका देऊन पाहा. हजार-बाराशे भाग बसून बघायचे कधी, आणि मत द्यायचं कशावर? ज्याला शेवट नाही त्याच्यावर खटलाही चालत नाही. म्हणूनच आपल्या मालिकांच्या नीतीबद्दल कुणी धड तक्रार करत नाही, धड कौतुकही करत नाही. सासूने सुनेच्या जेवणात काहीतरी मिसळलं, सून मरता मरता वाचली, आणि पुढच्या सोमवारी दोघी एकाच देवघरात आरती करताहेत. यात धर्माचा अपमान झाला असं कुणाला वाटत नाही, कारण आरती तर झाली.

‘मालिका लांबवतो ते प्रेक्षकांना हवी असते म्हणून’, असं वाहिन्यांचं म्हणणं असतं. मग ‘हमसफर’ लोक पुन्हा पुन्हा, बंदी चुकवून का बघत होते? जी संपली आहे, जिचा शेवट पाठ आहे, ती. दूरदर्शनच्या काळात तेरा भागांचा शिरस्ता होता, त्यातच मराठीतल्या कितीतरी चांगल्या मालिका झाल्या आणि लेखकांना ते तेरा भाग अपुरे वाटत नव्हते. आज ओटीटीवर आठ-दहा भागांत गोष्टी सांगितल्या जातातच, आणि त्या बघणारा प्रेक्षकही याच घरांत आहे, फक्त तो रिमोटऐवजी फोन हातात घेऊन बसला आहे.

तेव्हा संस्काराची, संस्कृतीची, देवाधर्माची भाषा बोलणाऱ्या मराठी वाहिन्यांकडे मागणी एकच. नव्या मालिकेच्या मुहूर्ताला नारळ खुशाल फोडा, पण त्याच दिवशी भाग किती तेही जाहीर करा. शंभर म्हणा, दीडशे म्हणा. आणि तो आकडा टीआरपी चढला तरी बदलू नका.