दात वाचविण्याचा हक्क

‘दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत’ ही म्हण आपण दैवाच्या लहरीपणाविषयी वापरतो. श्रमिकांच्या वस्तीत मात्र ती अपुरी पडते. चणे मिळविताना ज्याची दमछाक होते, त्याचेच दात आधी जातात. यात दैवाचा काही संबंध नाही. दोष व्यवस्थेचा आहे.

खोलवर किडलेल्या दाढेला दोनच मार्ग उरतात : रूट कॅनाल करून ती वाचविणे, अथवा उपटून टाकणे. खाजगी दवाखान्यात पहिल्या मार्गाला काही हजार रुपये लागतात आणि बहुधा एकाहून अधिक खेपा घालाव्या लागतात. घरकाम करणारी बाई, बांधकामावरचा बिगारी, ऊसतोडणी कामगार यांची प्रत्येक खेपेला मजुरी बुडते. गाठीला शिल्लक नाही, विम्याचे छत्र नाही. मग लवंगेचे तेल, मशेरी आणि दुकानातली वेदनाशामक गोळी यांवर महिने काढले जातात व अखेरीस दाढ काढली जाते. रोग एकच, पण धनिकाचा दात वाचतो आणि गरिबाचा उपटला जातो. पुढे कवळीही परवडत नाही आणि हातातली भाकरी पाण्यात भिजवून खाण्याची पाळी येते.

शासन विमा योजनांकडे बोट दाखविते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि २०१८ साली सुरू झालेली आयुष्मान भारत योजना यांचे मोल आम्ही नाकारीत नाही. परंतु त्यांचा रोख रुग्णालयात दाखल करून करावयाच्या उपचारांवर आहे. दाढ भरून घेणारा रुग्ण खाटेवर पडत नाही, म्हणून तो योजनेच्या हिशेबातच येत नाही.

दात ही चैन नव्हे, हे समाजवादी चळवळीने पूर्वीच ओळखले होते. ब्रिटनमध्ये ५ जुलै १९४८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत दंतोपचार विनामूल्य होते. १९५१ साली शस्त्रसज्जतेचा खर्च वाढताच मजूर पक्षाच्याच सरकारने कवळ्या व चष्मे यांवर शुल्क बसविले, तेव्हा त्या सेवेचे शिल्पकार अन्युरिन बेव्हन यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. कवळीसाठी मंत्रिपद सोडणे अनेकांना हास्यास्पद वाटले असेल. पण पहिली फट तेथेच पडली. आज इंग्लंडात शासकीय सेवेतील दंतवैद्य मिळणे दुरापास्त झाले आहे.

आपल्याकडे आज काय उपलब्ध आहे, हे कार्यकर्त्यांना तोंडपाठ असले पाहिजे. मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. मुंबईत महापालिकेचे नायर दंत महाविद्यालयही आहे. तेथे विद्यार्थी अध्यापकांच्या देखरेखीखाली उपचार करतात; वेळ अधिक लागतो, पण खर्च खाजगी दवाखान्याच्या मानाने फार थोडा येतो. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क करण्याचा निर्णय १५ ऑगस्ट २०२३ पासून अमलात आला. आपल्या तालुक्याच्या रुग्णालयात दंतशल्यचिकित्सक आहे काय, खुर्ची चालू आहे काय, दात भरण्याचे साहित्य आहे काय, हे प्रत्येक शाखेने जाऊन पाहावे. यांपैकी एक जरी नसले, तरी उपचार म्हणजे दात काढणे एवढाच अर्थ उरतो.

हे काम खर्चाचे आहे, ही सबब टिकणारी नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली आपल्या आवश्यक औषधांच्या यादीत फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट आणि दात भरण्याचे ग्लास आयोनोमर सिमेंट यांचा समावेश केला. विजेच्या यंत्राविना, हातातल्या साध्या अवजारांनी कीड खरवडून हे सिमेंट भरता येते. जे काम खेड्यातल्या शाळेच्या ओसरीवर होऊ शकते, त्यासाठी मजुराला जिल्ह्याच्या गावी धाडण्याचे कारण काय?

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात भरलेले पद आणि दात वाचविण्याचे साहित्य. शाळांतून दरवर्षी तपासणी व तेथेच उपचार. आरोग्य योजनांत रूट कॅनाल व कवळी यांचा समावेश. आणि कामगारांना सोयीचे सायंकाळचे बाह्यरुग्ण विभाग.

वर्षातून एकदा शिबिर भरवून, टूथपेस्टच्या नळ्या वाटून आणि छायाचित्र काढून कर्तव्य संपत नाही. दात कोरून पोट भरत नाही, हे आपल्या लोकांना कोणी शिकवावयास नको. तेच आता शासनाला ऐकविण्याची वेळ आली आहे.