खराब माल निघाला, तर पैसे मागा



कांद्यावर करपा दिसू लागलेला. शिरूरच्या बाजाराला जायला सवड नाही, म्हणून धाकट्यानं मोबाईलवरून बॅटरीचा फवारणी पंप मागवला. खोकं आलं, पैसे दिले, आणि रानात नेला तर पंप पाणीच ओढीना! फोन केला, तर उत्तर मिळालं, "विकलेला माल परत घेत नाही." तिकडं दौंडला कुणाच्या विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर असाच निघतो. घरची थोरली माणसं म्हणतात, "जाऊ द्या. दुकान दिल्लीला, आपण इथं. कुठं भांडत बसायचं?"

मंडळी, इथंच आपण चुकतो.

२०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू झाला. त्याच महिन्यात ऑनलाईन विक्रीचे नियमही आले. माल सदोष, बनावट किंवा जाहिरातीत सांगितल्यासारखा नसेल, तर विकणाऱ्याला तो परत घ्यायला आणि पैसे द्यायला नाही म्हणता येत नाही. मात्र नुसता रंग आवडला नाही, तर हा नियम उपयोगी पडत नाही. तिथं त्या दुकानाच्या अटी चालतात.

मग करायचं काय? खोकं फोडतानाच मोबाईलवर चित्रण करा. बिल, ऑर्डर नंबर आणि खोक्यावरची चिठ्ठी फेकू नका. फोनवरचं बोलणं वाऱ्यावर जातं, म्हणून तक्रार लेखी पाठवा. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्यानं ४८ तासांत पोच द्यावी आणि महिन्याच्या आत निकाल लावावा, असा नियम आहे. नाही लावला, तर १९१५ या सरकारी नंबरवर फोन करा. तिथं मराठीतही बोलता येतं.

तरीही दाद लागली नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. १९८६ च्या जुन्या कायद्यात बहुधा विकणाऱ्याच्या गावी धाव घ्यावी लागे. आता आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. म्हणजे शिरूर-दौंडकरांना पुण्यात. ती ऑनलाईनही दाखल होते. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकीलही सक्तीचा नाही. मुदत मात्र २ वर्षांची, ती चुकवू नका.

"शेतीसाठी घेतलं, म्हणजे धंद्यासाठी घेतलं," असं कुणी म्हणालं तर घाबरू नका. स्वतःच्या पोटापाण्यासाठी वापरलेली वस्तू घेणारा ग्राहकच असतो. खराब बियाण्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानंही २०१२ मध्ये शेतकऱ्याला ग्राहक मानलं आहे.

आणखी एक जपा. पैसे परत देतो म्हणून कुणी ओटीपी किंवा पिन मागितला, तर फोन ठेवून द्या. पैसे घ्यायला पिन लागत नाही.

सातबारा जपता, तसं बिलही जपा. पंप हजार रुपयांचा असो की दहा हजारांचा, ते पैसे तुमच्या घामाचे आहेत.